कोर्टाच्या दप्तरातील काळा पूर्वज

ज्याला लिहिता येत नव्हते, ज्याच्या जन्माची नोंद कोणी केली नाही आणि ज्याच्या थडग्यावर दगड नाही, अशा माणसाचा इतिहास लिहायचा कसा? अमेरिकेतील काळ्या समाजाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न नेटाने हाती घेतला. १९७६ साली अॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ आले आणि मूळ शोधण्याची ओढ घराघरांत पोचली. १९७२ साली आपल्या तरुणांनी ज्यांच्याकडून ‘पँथर’ हे नाव घेतले, त्या समाजाचा हा शोध कसा चालतो ते आपण समजून घेतले पाहिजे.

या शोधाचे एक मोठे साधन म्हणजे काउंटी कोर्टाचे दप्तर. काउंटी हा कारभाराचा विभाग, साधारण आपल्या तालुक्यासारखा. सतराव्या शतकातील व्हर्जिनियात या कोर्टासमोर केवळ भांडणे येत नसत. जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रे, मयताच्या चीजवस्तूंची यादी, नोकरांचे करार, गुरांच्या कानांवरील खुणा, सारे तेथेच नोंदले जाई. न्यायासनावर बसणारे त्याच भागातले मोठे मळेवाले. म्हणजे गावचा पाटील तोच न्यायाधीश! या वहीत गरीब माणूस येतो तो बहुधा कर्जदार, आरोपी किंवा मालमत्ता म्हणून. पण येतो, आणि आपल्याला तेवढे पुरते.

व्हर्जिनियातील कित्येक काउंट्यांची दप्तरे आगीत गेली. त्यांतली काही १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. नॉर्दम्प्टन काउंटीची मात्र १६३२ पासून सलग शिल्लक आहेत. त्यांतूनच अँथनी जॉन्सन हा माणूस आपल्यासमोर उभा राहतो.

तो १६२१ साली ‘जेम्स’ या जहाजातून आला. १६२५ च्या वसाहतीच्या गणतीत तो ‘अंतोनियो, एक निग्रो’ एवढाच आहे. पुढे दप्तरात तोच अँथनी जॉन्सन होतो. त्याला बायको आहे, मेरी नावाची, मुले आहेत, गुरे आहेत. शोधणाऱ्याची पहिली अडचण या नावांचीच. १६४५ च्या एका नोंदीत अँथनी नावाचा काळा माणूस मक्याच्या शेताची वाटणी झाल्यावर म्हणतो की, आता माझी जमीन कोणती ते मला ठाऊक झाले, मी मनाला येईल तेव्हा राबेन. वाचून ऊर भरून येतो. पण त्याच काउंटीत अँथनी लाँगो नावाचा दुसराही काळा माणूस होता. म्हणून ही नोंद जॉन्सनच्या नावावर चढवताना हात आखडता घ्यावा लागतो. खुद्द हेलींच्या बाबतीत हेच घडले. जहाजातून १६६७ नव्हे, १७६७ साली उतरलेला आपला पूर्वज म्हणून त्यांनी ज्या टोबीला ओळखले, तो टोबी त्या जहाजाच्या आधीपासूनच मालकाच्या कागदांत असल्याचे वंशावळीच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले.

१६५१ साली जॉन्सनला २५० एकर जमीन मिळाली. वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च केला की माणशी ५० एकर, असा नियम होता. म्हणजे त्याने पाच माणसांवर हक्क सांगितला. १६५३ साली त्याचे घरदार जळाले. कोर्टाने मेरी आणि दोन मुलींचा कर जन्मभरासाठी माफ केला. ही नुसती दया वाटेल. पण शेजारी १६४३ चा कायदा ठेवून वाचा. त्या कायद्याने काळ्या स्त्रियांवर कर बसवला होता, गोऱ्या स्त्रियांवर नव्हता. म्हणजे या माफीने तीन काळ्या बायका करापुरत्या गोऱ्या बायकांच्या बरोबरीला आल्या. दप्तर असे दोन कागद एकमेकांना लावून वाचावे लागते.

आता अवघड पान. जॉन केसर नावाचा काळा माणूस जॉन्सनकडे राबत होता. आपण सातआठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत कधीच उलटली, असे त्याचे म्हणणे. रॉबर्ट पार्कर या गोऱ्या मळेवाल्याने त्याला आपल्याकडे नेले. जॉन्सन कोर्टात गेला आणि जिंकला. केसर जन्मभराचा गुलाम म्हणून त्याच्या हवाली झाला. निकालाची तारीख वहीत ८ मार्च १६५४ अशी आहे, पण तेव्हा इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून आपल्या हिशेबाने ते १६५५. हा निकाल पुढे करून काही लोक गुलामगिरीचे खापर काळ्यांच्याच माथी फोडतात. ही लबाडी आहे. निकाल देणारे गोरे मळेवाले होते आणि त्याचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच घेतला. पण म्हणून हे पान फाडून टाकावे काय? आमच्या घरात आजोबांच्या मागचे नाव कोणाला सांगता येत नाही. असे दप्तर मला मिळाले असते, तर त्यातला पूर्वज साधुपुरुषच निघावा अशी अट मी घातली नसती. केसरही कोणाचा तरी पूर्वज असू शकतो. त्याची फिर्याद आपल्यापर्यंत पोचली ती याच पानामुळे.

१६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला: मूल गुलाम की मुक्त, हे आईवरून ठरेल. इंग्रजी रीतीप्रमाणे कूळ बापाकडून चाले. येथे ते मुद्दाम उलटे केले, म्हणजे मालकाने गुलाम स्त्रीवर लादलेले मूलही मालमत्तेतच जमा व्हावे. या सुमारास जॉन्सन कुटुंब मेरीलँडमधील सॉमरसेट काउंटीत गेले. तेथे जॉन्सनने ३०० एकर जमीन खंडाने घेतली. १६७० च्या सुमारास तो मेला. त्याच वर्षी व्हर्जिनियातील ज्यूरीने मागे राहिलेल्या जमिनीबाबत सांगितले की तो निग्रो होता, सबब परका होता. जमीन सरकारजमा करता येईल. याच वसाहतीने त्याला जमिनीची सनद दिली होती. पन्नास वर्षांत माणूस बदलला नव्हता, कायद्यातला ‘निग्रो’ या शब्दाचा अर्थ बदलला होता.

१६७७ साली त्याच्या नातवाने, जॉन जॉन्सनने, मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन घेतली. मळ्याला नाव द्यायची तिकडे रीत होती. त्याने दिलेले नाव दप्तरात आहे: ‘अंगोला’.