हाकेला धावून येणारा कोयोट : घाई केली की नेम चुकला

मेंढरे पाळणाऱ्याला जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी एक वैरी चुकत नाही. आपल्याकडे माणदेशात, नगरच्या माळावर तो लांडगा. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एडवर्ड्स पठारावर तो कोयोट. हे पठार म्हणजे चुनखडीचा, खडकाळ, कमी पावसाचा मुलूख. मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या हा तिथला जुना धंदा. रानात मेस्किटची काटेरी झुडपे. आपली वेडी बाभूळ ही त्याच कुळातली, म्हणजे मेस्किटची जवळची बहीणच. फोटो पाहिला तर आपल्याच तालुक्यातला माळ वाटावा.

कोयोट हा आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान. वजन साधारण ९ ते २० किलो. रंग मातकट, शेपूट झुपकेदार. जिवावर पळाला तर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. उंदीर, ससे, पडलेली फळे, मेलेले जनावर, काहीही खातो. पण पोटाला पिल्ले झाली की हाच प्राणी कोकरांवर पडतो. मेंढी धरताना तो बहुधा गळा पकडतो. मोकाट कुत्र्याने धरलेली मेंढी मागच्या मांड्यांवर, कानांवर अस्ताव्यस्त फाडलेली असते. त्यामुळे तिथला जाणता मेंढीवाला आधी मेलेल्या जनावराची कातडी सोलून दातांच्या खुणा पाहतो आणि मगच कोयोटच्या नावाने बोटे मोडतो.

उत्तर कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मेंढ्या मारणारे कोयोट बहुतेक वेळा त्या हद्दीत ठाण मांडलेले, पिल्ले असलेले नर-मादीच असतात. सगळ्या रानातले कोयोट मेंढीच्या वाटेला जात नाहीत. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी नेमक्या जनावराला समोर बोलावून टिपण्याची एक रीत धरली. तिला हाकेची शिकार म्हणता येईल.

ससा ओरडतो, कोयोट धावतो

पाळीव तितराच्या हाकेवर रानातला तितर फाशात आणण्याची फासेपारध्यांची कला आपल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. तत्त्व तेच. फरक एवढाच, की इथे हाक असते ती मरणाच्या दारातल्या सशाची. लाकडी किंवा प्लॅस्टिकची छोटी पिपाणी तोंडात धरून सशाचे केकाटणे काढायचे. आयता घास मिळेल म्हणून कोयोट येतो. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकापासून अशा पिपाण्या बनवून विकल्या आणि ही विद्या घरोघरी पोचवली. पुढे वेको गावच्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवण्याची सोय केली. आता तर दूरनियंत्रकावर चालणारी भोंग्याची यंत्रे मिळतात.

टेक्सासमध्ये कोयोटच्या शिकारीला बंद हंगाम नाही. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. रात्री दिवा लावण्याबद्दल, यंत्राच्या आवाजाबद्दल कुठे मुभा आहे, कुठे बंदी आहे. दुसऱ्याच्या रानात जायचे तर मालकाची परवानगी हवीच.

हाक दिल्यावर कोयोट कसा येईल याचा भरवसा नसतो. एखादा वीस मिनिटे लावतो, लांबूनच वळसा घालून वास घेतो. पण कोवळा, भुकेला किंवा आपल्या हद्दीबद्दल तापट असलेला कोयोट सरळ सुसाट धावत येतो. नवशिक्याची फजिती होते ती इथे. 'अरे, आला आला!' म्हणेपर्यंत जनावर वीस पावलांवर उभे असते, बंदूक मांडीवर असते, आणि पुढच्या क्षणी रान मोकळे.

हिशेब करून पाहा. ताशी ४८ किलोमीटरने येणारा कोयोट एका सेकंदात १३ मीटर तोडतो. दीडशे मीटरवर झुडपातून बाहेर पडलेला प्राणी अकरा-बारा सेकंदांत पायाशी येतो. या अवधीत बंदूक उचलणे, दुर्बीण जुळवणे, खटका काढणे, नेम धरणे हे सगळे उरकायचे ठरवले तर एकही काम धड होत नाही. म्हणून ही कामे पिपाणी तोंडाला लावण्याआधीच झालेली असावी लागतात.

बसायची जागा

गाडी लांब, टेकाडाआड ठेवायची. दार आपटायचे नाही. उंचवट्याच्या अगदी माथ्यावर बसू नये, कारण आकाशावर आकृती उठून दिसते. थोडे खाली, झुडपाला पाठ लावून, सावलीत, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. वारा तोंडावर किंवा एका कुशीने यावा. कोयोट शेवटी वाऱ्याचा आधार घेतोच. आपल्याला ओलांडून गेलेला वारा जिथे पोचतो तिथे जाऊन तो नाक वर करतो. तेव्हा ती बाजू उघडी, नजरेतली असावी. दोघे असतील तर दुसऱ्याने बारा बोअरची छर्‍याची बंदूक घेऊन त्या बाजूला बसावे. जवळून पळत्या जनावरावर रायफलीपेक्षा छर्‍याची बंदूक उपयोगी पडते.

आवाजाचे यंत्र असेल तर ते स्वतःजवळ न ठेवता चाळीस-पन्नास पावले दूर ठेवतात. धावत येणाऱ्या कोयोटची नजर आवाजावर खिळलेली असते. आवाज तिकडून आला की तो तिकडे बघतो आणि आपल्याला हालचालीला थोडी सवड मिळते. तोंडाची पिपाणी असली तर नजर थेट आपल्यावर, हे धरून चालावे.

रायफल हातात नको, काठ्यांच्या तिकाटण्यावर किंवा दोन पायांवर टेकवलेली हवी, दस्ता खांद्याला लागलेला आणि नळी कोयोट येण्याची शक्यता असलेल्या दिशेला. मग उरते ती वीतभर हालचाल.

दुर्बीण कमी मोठेपणावर ठेवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. दुर्बीण बारा पटीवर असली तर शंभर मीटरवर जेमतेम तीन मीटर रुंदीचे रान दिसते, आणि वीस मीटरवर दोन फूट. जवळ आलेला कोयोट मग दुर्बिणीत सापडतच नाही. दिसतो तो अस्पष्ट केसांचा पुंजका. तीन-चार पटीवर ठेवली तर शंभर मीटरवर आठ-दहा मीटर रान दिसते. लांब थांबलेल्या जनावरासाठी पट वाढवायला वेळ मिळतो. धावून आलेल्यासाठी पट कमी करायला मिळत नाही. आणखी एक बारकावा. दुर्बीण नळीच्या साधारण दीड इंच वर बसवलेली असते. त्यामुळे पंधरा-वीस पावलांवर गोळी नेमापेक्षा इंचभर खालीच लागते.

धावत आला तर काय करायचे?

पहिली गोष्ट, आवाज बंद करावा. हाक चालू राहिली तर तो थांबायचे कारण नाही. हाक थांबली की बहुतेक कोयोट वेग कमी करतात, 'ससा गेला कुठे?' म्हणून मान वर करतात.

दुसरी गोष्ट, तो आपल्याकडे बघत असताना हलू नये. मधे झुडूप येते, ओघळ येते, त्याचे डोके खाली जाते. त्या क्षणाला नळी वळवून घ्यावी. तो पुन्हा वर येईल त्या जागेवर नेम तयार असावा. पाठलाग करत नळी फिरवण्यापेक्षा हे सोपे पडते.

तिसरी गोष्ट, तो तरीही थांबला नाही आणि पन्नास-साठ मीटरच्या आत आला तर तोंडाने कुत्र्यासारखे एकदाच, मोठ्याने 'भू' करावे. कोयोट दचकून उभा राहतो. एक ते तीन सेकंद मिळतात. ओरडायच्या आधी गाल दस्त्याला लागलेला आणि बोट तयार पाहिजे, नाहीतर ती सेकंदे फुकट जातात. लांब असताना मात्र ओरडू नये. तो थांबेलही, पण मग जवळ येणार नाही.

चौथी गोष्ट, सरळ तोंडावर येणाऱ्याच्या छातीवर नेम धरून ठेवता येतो, पण आडवा पळणाऱ्याचा हिशेब निराळा. .२२३ रायफलीची हलकी गोळी शंभर मीटर जायला सेकंदाचा नववा-दहावा भाग घेते. तेवढ्यात ताशी ४८ किलोमीटरने पळणारा कोयोट जवळजवळ दीड मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे नेम त्याच्या संपूर्ण अंगाच्याही पुढे, मोकळ्या हवेत धरावा लागतो. दोनशे मीटरवर हेच अंतर तीन मीटरच्या पुढे जाते. वेगाचा अंदाज थोडा चुकला तर गोळी जाते पोटात किंवा मागच्या पायात. जनावर खुरडत रानात शिरते आणि दोन-चार दिवसांनी मरते. हे हाल कुठल्याच शिकाऱ्याला शोभत नाहीत. म्हणून आडव्या पळत्या कोयोटवर लांबून बार न काढणे हाच शहाणपणा.

गोळी सुटल्यावर, लागो अथवा चुको, लगेच उठू नये. जोडीतला दुसरा अजून झुडपात असू शकतो. पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज काढला तर पहिला पळता पळता थांबतो, दुसराही पुढे येतो.

गोळी पुढे कुठे जाते?

रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या जनावरावर म्हणूनच गोळी झाडत नाहीत. पलीकडे कोणाची गाय, कोणाचे घर आहे हे दिसत नसते. धावते जनावर नजर खेचून घेते आणि त्याच्या मागचे रान विसरायला लावते. दोघे बसले असतील तर कोणाची हद्द कुठपर्यंत हे आधी बोटाने दाखवून ठरवायचे. कोयोट दोघांच्या मधून गेला तर दोघांनीही गप्प बसायचे.

शिवाय या शिकारीत माणूस झाडाझुडपाच्या रंगाचे कपडे घालून सशाचा आवाज काढत बसलेला असतो. तोच आवाज ऐकून दुसरा शिकारी दबकत येऊ शकतो. माणूस येताना दिसला तर हात हलवण्यापेक्षा मोठ्याने बोलावे. आणि पहाटेच्या अंधूक उजेडात पळत आलेले राखी जनावर मेंढपाळाचे कुत्रेही असू शकते. ओळख पटल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये.

घाईच्या बाराचा आणखी एक तोटा आहे. चुकून सुटलेला कोयोट शहाणा होतो. सशाची हाक म्हणजे धोका हे तो शिकतो आणि पुन्हा सहसा येत नाही. नेमका मेंढ्या मारणारा असा शिकून गेला, तर मालकाला पुढचा सगळा हंगाम त्याच्याशी झुंजावे लागते.

बंदुकीने प्रश्न सुटला का?

अमेरिकन सरकारने १९३१ साली कायदा करून उपद्रवी प्राणी मारण्याचे काम हाती घेतले. बंदूक, सापळे, विष, विमान सगळे वापरून झाले. विषाचा मारा इतका झाला, की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर त्याला बंदी घातली. २०१९ या एका वर्षात सरकारी खात्याने सुमारे ६२ हजार कोयोट मारले. तरीही कोयोट हटला नाही. लांडगा संपला तसा हा पसरत गेला आणि आज हवाई सोडून अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना जास्त पिल्ले होतात, असे अभ्यासक सांगतात. बक्षिसे लावून कोयोट मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये, व्हर्मॉन्टने २०१८ मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये बंदी आणली.

म्हणून १९७० च्या दशकापासून तिथले मेंढीवाले राखणीच्या कुत्र्यांकडे वळले. ग्रेट पिरिनीज, अनातोलियन या थोराड जातींची पिल्ले लहानपणापासून मेंढरांतच वाढवतात. कोणी गाढव ठेवतो, कोणी लामा ठेवतो. कोकरे होण्याच्या दिवसांत मेंढ्या गोठ्याजवळ आणतात, रात्री कुंपणात कोंडतात. इतके करूनही एखादा खोडील जनावर राहिले, तर हाकेची शिकार.

आपल्या धनगर बांधवांना हे नवे नाही. वाघर लावून मेंढरे कोंडणे, कुत्री सोबत ठेवणे, रात्री आळीपाळीने जागणे हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बंदुकीचा भाग मात्र इथे लागू नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे लांडगा आणि कोल्हा या दोघांच्याही शिकारीला बंदी आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात असली तरी यातून सूट मिळत नाही. लांडग्याने मेंढी मारली तर मेलेले जनावर जागचे न हलवता वनरक्षकाला तातडीने कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. त्याशिवाय सरकारी भरपाई पदरात पडत नाही.