मोनो आणि डाय यांमधला अणू

रसायनशास्त्र शिकवून पोट भरलेल्या माणसाला वर्तमानपत्र सुखानं वाचता येत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिल्यानं कुणी दगावल्याची बातमी असते आणि कारण छापलेलं असतं कार्बन डायऑक्साइड. माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तो वायू तर आपण प्रत्येक उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास बाहेर टाकतो. अशा ठिकाणी मारेकरी बहुधा कार्बन मोनॉक्साइड असतो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो, कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो, आणि तो रेणू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट धरतो. रंग नाही, वास नाही. हवेत ०.१ टक्का झाला तरी काही तासांत जीव जाऊ शकतो.

मूलद्रव्यं तीच, फरक एका अणूचा. मिठात अशी गोम नसते. सोडिअम बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, एकास एक असा व्यवहार मिटतो. सोडिअम क्लोराइड एवढं म्हटलं की पुरतं. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत मात्र चार इलेक्ट्रॉन. चारही देऊन टाकायला प्रचंड ऊर्जा लागते, आणि परके चार ओढून सांभाळणं त्याच्या केंद्रकाला झेपत नाही. मग उरते भागीदारी.

ती कागदावर पहिल्यांदा नीट मांडली अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईसनं, १९१६ साली. बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून धरलेली इलेक्ट्रॉनची जोडी, इतकं सरळ. अर्व्हिंग लँगम्यूरनं १९१९ मध्ये त्याला ‘कोव्हॅलन्स’ हे नाव दिलं. आपल्या शालेय पुस्तकांतला सहसंयुज बंध तो हाच. लुईसला नोबेल कधीच मिळालं नाही, हे मला अजूनही खटकतं.

वाटण्या झाल्यावर विहीर सामाईक राहिली, तर ती दोन्ही भावांच्या सातबाऱ्यावर लागते. ही जोडीही तशीच दोघांच्या हिशेबात धरतात. क्लोरीनकडे बाहेर सात इलेक्ट्रॉन. दुसऱ्या क्लोरीनबरोबर एक जोडी सामाईक केली की दोघांचे आठ भरतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनशी दोन-दोन जोड्या वाटून घेतो. नायट्रोजनच्या रेणूत तर तीन जोड्या असतात, म्हणून हवेतला नायट्रोजन सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

पण अणूला आठ ‘हवे असतात’ ही वर्गातली भाषा मला आवडत नाही. अणूला काही हवं नसतं. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की दोन्ही केंद्रकं दोन्ही इलेक्ट्रॉनना ओढू लागतात. फारच जवळ आले तर केंद्रकंच एकमेकांना ढकलतात. ७४ पिकोमीटर अंतरावर ही ओढाताण जमते आणि ऊर्जा सर्वांत कमी होते. बंध तो एवढाच. दोन ग्रॅम हायड्रोजनमधले सगळे बंध तोडायला सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात. तेवढ्यात २० अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. आणि आठाचा नियम मोडणारेही आहेत. नायट्रिक ऑक्साइडमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन पाच अधिक सहा, म्हणजे अकरा. विषम संख्येतून दोघांचे आठ-आठ कसे भरणार? तरीही हा रेणू आपल्या रक्तवाहिन्या स्वतः बनवतात, सैलावण्यासाठी. त्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं.

भागीदारी अनेक प्रकारे जमते, म्हणून नावात मोजदाद करावी लागते. एकट्या नायट्रोजन-ऑक्सिजनचीच बिऱ्हाडं बघा: डायनायट्रोजन मोनॉक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, मोटारींच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड. इलेक्ट्रॉन कमी ओढणारं मूलद्रव्य सहसा आधी येतं, दुसऱ्याला ‘आइड’चं शेपूट लागतं. एकला मोनो, दोनला डाय, मग ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा. पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल तर मोनो लावत नाहीत, म्हणून ‘मोनोकार्बन’ कुठे ऐकू येत नाही. मुलं हे पाढ्यासारखं घोकतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड ऐकून एका सल्फरभोवती सहा फ्लोरीन दिसले पाहिजेत, नाहीतर घोकंपट्टीचा उपयोग शून्य.

जुन्या ओळखीच्या पदार्थांना या नियमातून सूट आहे. अमोनिया अमोनियाच राहतो, मिथेन मिथेनच. पाण्याला नियम लावला तर ते होईल डायहायड्रोजन मोनॉक्साइड. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १४ वर्षांच्या एका मुलानं हेच नाव घेऊन ५० शाळकरी मुलांपुढे तक्रार मांडली: हे रसायन आम्लपर्जन्यात असतं, जमिनीची धूप करतं, श्वासातून आत गेलं तर मृत्यू येऊ शकतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बंदी घालावी असं ४३ जणांनी सांगितलं, आणि हे तर पाणी आहे असं म्हणणारा एकच निघाला.