पाहुणा पंधरा दिवसांचा, दुखणं आपल्या जमिनीचं



गेल्या महिन्याच्या गट मेळाव्यात नदीकाठच्या एका सभासद तात्यांनी उभे राहून सरळ सवाल टाकला, “साहेब, तो परदेशातला तज्ज्ञ पंधरा दिवसांसाठी येणार. त्याच्या राहण्या-जेवणाचा आणि गाडीचा खर्च कारखाना करणार. म्हणजे पैसा आमचाच. त्यानं माझ्या पांढऱ्या फुटलेल्या दीड एकरात ऊस येणार का?” सभेत हशा पिकला. पण सवाल हसून सोडण्यासारखा नाही. म्हणून त्याचे उत्तर या अंकात देत आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. एका कृषी शिक्षण संस्थेचे प्राध्यापक निचरा विषयातील अमेरिकन तज्ज्ञ थोड्या मुदतीसाठी बोलावण्याच्या विचारात आहेत. अर्ज फुलब्राइट योजनेखाली करावयाचा आहे. ही योजना अमेरिकेत १९४६ साली सुरू झाली आणि भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे २००१ साली तिच्यात थोड्या दिवसांसाठी तज्ज्ञ पाठविण्याचा भाग आला. त्यात तज्ज्ञाने यजमान संस्थेकडे १४ ते ४२ दिवस काम करावयाचे असते. विमानभाडे व मानधन योजनेतून मिळते. निवास, जेवण आणि इथला प्रवास यजमानाने पाहावा, अशी वाटणी आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ साली ‘ग्यान’ योजना सुरू केली. तिच्यात परदेशी प्राध्यापक इथल्या संस्थेत येऊन एक-दोन आठवड्यांचा अभ्यासवर्ग घेतात. पण तो वर्ग विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी. आपल्याला हवा आहे तो बांधावर येणारा माणूस.

या तज्ज्ञ योजनेतील एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. पाहुण्याने स्वतःच्या संशोधनासाठी यावे, हा तिचा हेतू नाही. काम काय करावयाचे, ते यजमानाने अर्जात मांडावयाचे असते. म्हणजे प्रश्न आपला पाहिजे. प्रश्नच धड मांडला नाही, तर कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी सत्काराचा नारळ घेऊन परत जाणार.

हे मी अनुभवाने लिहितो. २०१६ साली असाच एक पाहुणा आपल्या भागात एक दिवस आला होता. आम्ही त्याला कुठे नेले? सगळ्यात चांगल्या आडसाली प्लॉटवर. हार झाले, फेटा झाला, फोटो झाले, जेवणावळ झाली. या सगळ्या बेतात मीही पुढे होतो. शेवटी तासभर उरला, तेव्हा त्याने स्वतःच विचारले, “तुमची खराब जमीन कुठे आहे?” घाईघाईने ओढ्याच्या बाजूला नेले. तिथे त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पाणी जमिनीखाली किती फुटांवर आहे, उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यानंतर किती? आणि ही माती क्षारयुक्त आहे की चोपण? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. एक जण म्हणाला, “खड्डा काढला की पाणी लागतंय.” पाहुणा वहीत काही न लिहिता गाडीत बसला.

त्याचा दुसरा प्रश्न किती मोलाचा होता, ते सांगतो. पांढरी फुटली की आपण जिप्समची पोती आणतो. पण जिप्सम हे सोडियम चढलेल्या चोपण जमिनीचे औषध आहे. नुसते क्षार साठलेल्या जमिनीत त्याचा उपयोग नाही. तिथे क्षार पाण्याने धुऊन खाली उतरवायचे आणि ते पाणी निचऱ्याने शेताबाहेर काढायचे, हाच उपाय. चोपण जमिनीलाही जिप्समनंतर निचरा लागतोच. ऊस क्षाराला नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता १.७ डेसिसायमनच्या वर गेली, की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते, असे शास्त्र सांगते. डोळ्याला पांढरे दिसेपर्यंत टनेज कधीच खाली आलेले असते.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढले. तेही परदेशीच, पण वर्षानुवर्षे इथे राहिले होते. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला तेवढा अवकाश कुठला? त्याच्याजवळ नसलेला काळ आपल्या नोंदींनी भरून काढावा लागेल. त्यासाठी नदीकाठच्या व कालव्याखालच्या सभासदांनी आत्तापासून एवढे करावे :

१) शेताच्या वरच्या व खालच्या टोकाला सहा-सात फूट खोल भोक पाडून, खालच्या भागात छिद्रे केलेला दोन इंची पीव्हीसी पाईप उभा करावा. वर टोपण बसवावे. दर पंधरवड्याला दोरी सोडून पाणी किती खाली आहे, ते तारखेनिशी लिहावे. पोरासोरांनाही जमेल असे काम आहे.

२) खराब तुकड्यातील मातीचे नमुने चांगल्या जमिनीत मिसळू नयेत. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटाचा नमुना वेगवेगळा घ्यावा.

३) पाण्याच्या पाळ्या, खताची मात्रा, लागणीची व खोडव्याची तारीख वहीत ठेवावी. मागील तीन हंगामांचे टनेज शेतकी खाते काढून देईल.

४) खराब रान लपवू नये. वैद्याला दुखरी जागाच दाखवायची असते.

आता तात्यांच्या सवालाचे उत्तर. तात्या, पाहुणा आल्याने तुमच्या दीड एकरात ऊस येणार नाही. नोंदी तयार असतील, तर पाईप किती खोल गाडायचे, दोन ओळींत अंतर किती ठेवायचे, पाणी कुठे काढायचे, याचा आराखडा तो करून देऊ शकेल. पण त्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट पाहिजे आणि ती वाट तुमच्या खालच्या तिघा शेजाऱ्यांच्या बांधावरून जाते. त्यांतल्या दोघांशी तुमचे बोलणे बंद आहे, हे सगळ्या गटाला ठाऊक आहे. तो गुंता कुठलाही परदेशी तज्ज्ञ सोडविणार नाही. तो आपल्यालाच चावडीवर बसून सोडवावा लागेल.

म्हणून संचालक मंडळापुढे मी असे मांडणार आहे की, ज्या पट्ट्यातील सर्व शेतकरी चर काढू देण्यास लेखी संमती देतील आणि सहा महिन्यांच्या पाण्याच्या नोंदी दाखवतील, तोच पट्टा पाहुण्यापुढे ठेवावा. तसा एकही पट्टा तयार झाला नाही, तर खर्चाला हात घालू नये. तेवढ्या पैशात मातीचे नमुने तरी तपासून होतील.

वही व पाईपची माहिती गट कार्यालयात मिळेल. तात्यांनी पहिले नाव नोंदवावे. शेजाऱ्यांकडे जायचे असेल, तर मी बरोबर येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी