टेबल वाचवणारी हवा

विजेच्या किटलीतले उकळते पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ओतून ते सनमायकाच्या टेबलावर ठेवले, तर काय होईल? जवळजवळ १०० अंश सेल्सिअसला तापलेल्या बुडातून उष्णता खाली उतरते. सनमायकाखालचा गोंद मऊ होऊन पापुद्रा सुटू शकतो.

यावर उपाय लाकडी अडणीचा. सिरोंच्याच्या जंगलातला साग उष्णतेचा मंदवाहक. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या हजारपटीहून अधिक वाहक. अडणीखालची हवा तर सागाहूनही मंदवाहक!

घडी घातलेल्या फडक्याच्या धाग्यांतही हवाच अडकलेली असते. फडके भिजले, की तिची जागा पाणी घेते. आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वाहक आहे. म्हणून फडके कोरडेच हवे. गरम पाण्याच्या दोन वाट्यांखाली कोरडे व ओले फडके ठेवून स्वतःच पडताळा.