भार बदलणारे जंतू

पावसाळ्यात चोर्ला घाटात किंवा आंबोलीला ओढ्याकाठचा बेडूक कुजलेल्या पाल्यात तासन्‌तास बसून असतो. त्याच्या ओल्या, उघड्या कातडीवर जंतूंनी खरं तर संसार थाटायला हवा. पण कातडीतल्या ग्रंथींतून पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखेच छोटे रेणू, पाझरतात आणि त्यांतली बरीचशी जंतूंची आवरणं फाडून टाकतात. पश्चिम घाटातल्या अशा एका बेडकाचं आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ असं बारसं केलं. दोनच वर्षांत त्याच्या कातडीतलं ‘उरुमिन’ हे पेप्टाइड फ्लूच्या विषाणूलाही मारतं, असं दिसून आलं.

जंतूंच्या बाबतीत सगळी किमया विद्युतभाराची. जंतूचं आवरण ऋणभारित, पेप्टाइड धनभारित. ते आपसूक खेचलं जातं आणि आत घुसतं. आपल्या पेशींना बाहेरून फारसा भार नसतो, म्हणून त्या बऱ्याच अंशी बचावतात.

निपाणी, खानापूर, चंदगडचे पेशंट बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत येतात. तिथल्या आयसीयूत बाकीची अँटिबायोटिक्स हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते कोलिस्टिनही असंच धनभारित पेप्टाइड, मातीतल्या एका जंतूनं बनवलेलं. क्लेबसिएला हा जंतू त्याला कसा चकवतो, हे वाचून मी थक्क झालो. आवरणावर धनभारित साखर चिकटवणारी जनुकं त्याच्याकडे मुळातच असतात. एमजीआरबी नावाचं प्रथिन त्यांना लगाम घालून ठेवतं. अवघ्या 47 अमिनो आम्लांचं प्रथिन! जंतूच्या डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे असतात. त्यातला एखादा नेमका एमजीआरबीच्या जनुकात येऊन पडला की लगाम तुटला. साखर चिकटत जाते, ऋणभार घटतो आणि कोलिस्टिनला पकडच मिळत नाही. जंतूला नवीन काही कमवावं लागत नाही. जवळचं एक जनुक मोडलं की काम झालं. आणि पुढची प्रत्येक पिढी हे मोडलेलं जनुक घेऊनच जन्मते. भारतातल्या कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या क्लेबसिएलात हा बिघाड पुन्हा पुन्हा सापडला आहे.

मला जास्त धास्ती वाटते ती एमसीआर-1 ची. 2015 मध्ये चीनमधून जाहीर झालेलं, जंतूला कोलिस्टिनपासून वाचवणारं हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. त्यामुळे ते वेगळ्या जातीच्या जंतूलाही देता येतं. जनावरं लवकर वजनावर यावीत म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळलं जाई, तिथे त्याला रान मोकळं मिळालं. भारतानं जुलै 2019 मध्ये कोंबड्या, मासे आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. चीननं खाद्यातला वापर 2017 मध्येच थांबवला होता. पुढच्या काही वर्षांत तिथल्या डुकरांत आणि माणसांतही एमसीआर-1 चं प्रमाण घटलं. औषध समोर नसेल तर हे जनुक बाळगणं जंतूलाच जड जातं.