हरळीचे मैदान आणि पाण्याचा हिशेब

हरळी हे नाव ऐकताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. नांगरट झाली, कुळवणी झाली, तण वेचून बांधावर टाकले, तरी तिची एखादी गाठ मातीत उरली की पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. तीच हरळी दूर्वा झाली म्हणजे गणपतीच्या मस्तकी जाऊन बसते. एकाच गवताच्या या दोन ओळखी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तिची तिसरी ओळख मात्र आपल्यापैकी अनेकांना नसेल. उष्ण प्रदेशांतील गोल्फची बहुतेक मैदाने याच गवताच्या निरनिराळ्या जातींनी आच्छादलेली असतात. पाश्चात्य लोक तिला बर्म्युडा गवत म्हणतात; वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे.

या हरळीचे मैदान वसंत ऋतूसाठी कसे सिद्ध करतात, हे आज पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी स्थळ घ्यावयाचे आहे ते बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळीचे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूरचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. तेथील किल्ला 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतला. पुढे दीर्घकाळ हे गाव आपल्या रसाळ पपनसांसाठी आणि द्राक्षांच्या मळ्यांसाठी ओळखले जात असे. 2008 मध्ये बंगळूरचा नवा विमानतळ येथे सुरू झाला आणि गावाचे रूप पालटले. विमानतळामागोमाग रस्ते आले, वसाहती आल्या, आणि नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी प्रेस्टिज गोल्फशायर नावाचे 18 होलांचे गोल्फचे मैदानही आले.

गोल्फ हा खेळ आपल्या देशात नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. बंगळूरचा क्लब 1876 चा आहे. खेळ स्कॉटलंडमधून आला आणि मैदान राखण्याची शिकवणही पुष्कळशी तिकडच्या ग्रंथांतूनच आली. परंतु त्या ग्रंथांतला वसंत आणि आपला वसंत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिकडे बर्फ वितळते, ओल मुबलक असते, सूर्य मंद असतो आणि गवत हळूहळू जागे होते. आपल्याकडे वसंत म्हणजे पाणी आटण्याचा आणि ऊन चढण्याचा काळ. बंगळूरच्या परिसरात जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नसतोच; मार्चमध्येही तो भरवशाचा नाही; एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात तेव्हा कुठे जमिनीला थोडा दिलासा मिळतो. म्हणजे ज्या आठवड्यांत हरळीला वाढीची ओढ लागते, त्याच आठवड्यांत तिला द्यावयाचे पाणी सर्वांत दुर्मिळ असते. या विरोधातून वाट काढणे, हेच देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी मैदान राखणाऱ्याचे खरे काम आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी मैदानाची रचना थोडक्यात सांगतो. जेथून चेंडू प्रथम टोलवतात त्या सपाट चौथऱ्याला टी म्हणतात. तेथून पुढे पसरलेला, बेताने कापलेल्या गवताचा लांब पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही अंगांना वाढू दिलेले गवत म्हणजे रफ. आणि शेवटी येते ते ग्रीन, म्हणजे गालिच्यासारखी गुळगुळीत हिरवळ. तिच्यातील सव्वाचार इंच व्यासाच्या खळगीत, म्हणजेच होलात, चेंडू घालावयाचा असतो. अठरा होलांच्या मैदानाला सामान्यतः 50 ते 60 हेक्टर जागा लागते. त्यात सर्व ग्रीन मिळून भरतात जेमतेम हेक्टर-दीड हेक्टर; पण राखणाराचा निम्मा जीव तेवढ्याच जागेत गुंतलेला असतो.

याचे कारण कापणीच्या उंचीत आहे. रफमधील गवत दोन-अडीच इंच वाढले तरी चालते. फेअरवेवर ते सुमारे अर्धा इंच ठेवतात. ग्रीनवर मात्र ते तीन-चार मिलिमीटरांपेक्षा वाढू देत नाहीत. आपल्या बांधावरची हरळी इतकी खुडली तर विरळ होईल. म्हणून ग्रीनसाठी तिच्या खास संकरित जाती निर्माण करण्यात आल्या. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपली हरळी आणि तिची दक्षिण आफ्रिकेतील एक बारीक पानांची बहीण यांचा संकर केला. 1956 मध्ये त्यातून टिफग्रीन आणि 1965 मध्ये टिफड्वार्फ ही जात प्रसारात आली. या जातींना बी धरत नाही. उसाप्रमाणे कांड्यांचे तुकडे लावूनच त्यांची लागवड करावी लागते.

ग्रीनच्या पोटातही एक युक्ती असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि तो पुढे जगभर मान्य झाला. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर चार इंच खडी आणि खडीवर बारा इंच वाळूप्रधान मिश्रण, अशी ती रचना असते. बारीक वाळूतले पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. ते वाळूच्या बुडाशी अडून राहते आणि मुळांना मिळते. जास्त झाले म्हणजे मात्र ते आपल्या वजनाने खाली निसटते. दुष्काळात ओल धरणारी आणि मुसळधार पावसात तुंबू न देणारी अशी ही दुहेरी सोय आहे. फेअरवेला ही चैन परवडत नाही. तेथे देवनहळ्ळीची मूळची तांबडी, रेताड, ओल फार काळ न धरणारी माती असते.

आता वसंताच्या तयारीकडे वळू. ती सुरू होते जानेवारीत, गवत संथ असताना. प्रथम मातीची परीक्षा करून घ्यावी, कारण कशाची उणीव आहे हे न कळता घातलेले खत म्हणजे अंधारात मारलेला दगड. मग निचऱ्याच्या नळ्या साफ कराव्या. त्यानंतर पाणी उडवणाऱ्या फवाऱ्यांची तपासणी करावी. हिची रीत अगदी घरगुती आहे. सारख्या मापाच्या वाट्या मैदानावर ठराविक अंतराने मांडाव्या, पंधरा मिनिटे फवारे सोडावे आणि प्रत्येक वाटीत किती पाणी साचले ते मोजावे. एका वाटीत दोन बोटे आणि दुसरीत अर्धे बोट पाणी निघाले, तर कोरड्या कोपऱ्याला पुरे पडावे म्हणून उरलेले सारे मैदान आपण उगाच भिजवत आलो, हे उघड होते. एखादी झिजलेली तोटी बदलल्याने जेवढे पाणी वाचते, तेवढे नव्या विहिरीनेही मिळत नाही.

यंत्रांची पाती याच काळात परजून घ्यावी. धारदार पाते गवत कापते, बोथट पाते ते फाडते. फाटलेल्या टोकातून ओल निसटते, रोग शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी सारे मैदान पांढुरके दिसू लागते. पुष्कळदा लोक त्याला पाण्याची तहान समजून आणखी पाणी सोडतात.

फेब्रुवारीअखेर रात्रीचा गारवा ओसरला की हरळी हालचाल करू लागते. उत्तर हिंदुस्थानातल्या कडक थंडीत ती पार पिवळी पडते. देवनहळ्ळीत ती केवळ मंदावलेली असते. आता जुन्या देठांचा आणि मृत मुळांचा जो थर पृष्ठभागावर साचलेला असतो, तो उभ्या पात्यांच्या यंत्राने चिरून विरळ करतात. हा थर वाढला तर पाणी वरच्या वर अडते आणि मुळे खाली जाण्याचे सोडून त्यातच लोळत बसतात. गवत जोमाने वाढू लागले की पोकळ सळ्यांच्या यंत्राने जमिनीत बोटाएवढी, तीन-चार इंच खोल छिद्रे पाडतात, निघालेल्या मातीच्या गुंड्या उचलतात आणि छिद्रांत स्वच्छ वाळू भरतात. दोन-तीन आठवडे मैदान देवी आल्यासारखे दिसते व खेळाडू कुरकुरतात. पण पायांनी आणि यंत्रांनी दडपलेल्या जमिनीत हवा खेळवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. उन्हाळ्यात टिकणारी मुळे या छिद्रांतूनच खाली उतरतात.

कारण या साऱ्या खटाटोपाचे सार एका वाक्यात आहे: मुळे खोल गेली पाहिजेत. वर हिरवे दिसणारे गवत ही त्या मुळांची केवळ पावती आहे. हरळीला मोकळी जमीन मिळाली तर तिची मुळे मीटरभर खोल जातात; चिवटपणाला ‘हरळीची मुळी’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ते कधीच ओळखले होते. पण रोज थोडे थोडे पाणी शिंपडले की मुळांना खाली जाण्याचे कारणच उरत नाही. म्हणून फेअरवेवर पाणी द्यावे ते क्वचित, पण भरपूर. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये जमिनीला कोरडे होऊ द्यावे. पाळी केव्हा आली हे गवतच सांगते. त्याच्या हिरव्या रंगावर निळसर-करडी छटा येते, आणि चालून गेल्यावर पायाचे ठसे उठून न येता तसेच दबून राहतात. ही खूण दिसेपर्यंत थांबण्याचा धीर ज्याला आहे, तोच मैदान राखू शकतो. पाणी द्यावयाचे तेही पहाटे. दुपारचे अर्धे पाणी हवाच पिऊन टाकते, आणि संध्याकाळी दिलेल्या पाण्याने रात्रभर पाने ओली राहून बुरशीला आमंत्रण मिळते.

ग्रीनची गोष्ट निराळी. तेथील तोकड्या गवताची मुळेही तोकडी; त्यांना जपावे लागते. पहाटे लांब, लवचीक काठी फिरवून दव झाडतात, म्हणजे बुरशी धरत नाही. खळगीची जागा वारंवार बदलतात, म्हणजे एकाच ठिकाणी पायांचा भार पडत नाही. तण औषधाने मारण्यापेक्षा अनेक मैदानांवर आजही बाया खुरपे घेऊन ओळीने बसतात आणि एकेक काडी उपटतात. गवत मुळासकट सैल होऊन हातात आले, तर खाली हुमणी आहे असे ओळखावे. ती प्रथम दिसते या खुरपणाऱ्या बायांना, कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला नव्हे.

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरावयाचे तर 10,000 लिटर लागतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात हरळीखालची जमीन दिवसाला पाच मिलिमीटरांच्या आसपास ओल गमावते. वीस हेक्टर हिरवळ रोज तेवढीच ओली ठेवावयाची म्हटली, तर दिवसाला दहा लाख लिटर पाणी झाले. शहरात माणशी 135 लिटर हे प्रमाण धरले, तर सुमारे 7,400 माणसांचे ते एका दिवसाचे पाणी आहे. देवनहळ्ळी तालुक्यात बारमाही नदी नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी तेथील भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेलेला आहे. 2024 च्या मार्चमध्ये खुद्द बंगळूर शहरात टंचाई इतकी वाढली की, पिण्याचे पाणी बागांना घालण्यास किंवा मोटारी धुण्यास वापरणाऱ्याला 5,000 रुपये दंड जाहीर करावा लागला. अशा मुलखात द्राक्षाच्या मळ्याशेजारी कूपनलिकेच्या पाण्यावर हिरवळ पोसणे हे केवळ खर्चाचे नव्हे, तर नीतीचेही काम होऊन बसते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र करावे लागतात. पहिला उपाय मागणी कमी करण्याचा. हवा मागेल तेवढे सारे पाणी न देता त्याच्या दोन-तृतीयांश दिले, तरी खोल मुळांची हरळी फेअरवेवर तग धरते. रंग थोडा उतरतो, खेळ बिघडत नाही. उलट कठीण जमिनीवर चेंडू अधिक धावतो. रफला तर वळवाच्या पावसाची वाट पाहू द्यावी. वीस हेक्टरांऐवजी चौदाच भिजवले, तरी पहिल्या हिशेबातले तीन लाख लिटर रोज वाचतात.

दुसरा उपाय वापरलेल्या पाण्याचा. सांडपाणी शुद्ध करून मैदानाला दिले, तर पिण्याच्या पाण्यावरचा भार हलका होतो आणि त्यात उरलेल्या नत्र-स्फुरदामुळे खतही कमी लागते. मात्र त्याबरोबर क्षार येतात. ते वरच्या थरात साचू नयेत म्हणून निचरा चांगला हवा, अधूनमधून पाण्याची मोठी पाळी देऊन ते धुऊन काढावे लागतात, आणि सोडियम वाढल्यास जिप्सम घालावे लागते. फार खारे पाणी असेल तेथे हरळीऐवजी पास्पालम हे समुद्रकाठचे गवत लावतात. बंगळूरच्या हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यांतील सांडपाणी प्रक्रिया करून बंगळूर ग्रामीण व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांच्या तलावांत सोडण्याची योजना अलीकडे अमलात आली आहे. त्या पाण्याचे शुद्धीकरण आणखी एका टप्प्याने वाढवावे, अशी तेथील शेतकऱ्यांची मागणी आहे, आणि ती रास्तच आहे. कारण तलावातून झिरपलेले पाणी अखेर विहिरीत उतरते. गवताला जे चालते ते माणसाला चालेलच असे नाही.

हौसेची मैदाने असावीत की नसावीत, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. ती आहेत, त्यांवर अनेकांचे पोट आहे, आणि पावसाचे पाणी मुरवणारी मोकळी जमीन म्हणून शहराच्या काठाला त्यांचा उपयोगही होऊ शकतो. तथापि त्यांची परीक्षा कोणत्या निकषावर करावयाची, हे ठरवण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे. चैत्रात कोणते मैदान सर्वांत हिरवे दिसले, हा तो निकष नव्हे. कोणत्या मैदानाने सर्वांत कमी, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या घागरीत न जाणारे पाणी घेऊन आपली हरळी जिवंत ठेवली, हे विचारले पाहिजे. देवनहळ्ळीला जे लागू आहे, ते पुण्याच्या बागांना, सोलापूरच्या क्रीडांगणांना आणि आपल्या अंगणातल्या हिरवळीच्या तुकड्यालाही लागू आहे. शेतकऱ्याने कितीही उपटली तरी न मरणारे हे गवत थोड्या पाण्यावर जगण्यास केव्हाही तयार असते. त्याला तशी सवय लावण्याचा संयम मात्र राखणाऱ्याजवळ हवा.