दुकानातला उजेड आणि लॅपटॉपचा पडदा : चकचकीत घ्यावा की मॅट?

इंद्रायणीकाठची चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पुढे वस्ती वाढली, तशी हार्डवेअर, फॅब्रिकेशन आणि फर्निचरची कामेही वाढली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि अनेकांच्या गल्ल्यावर बिलबुकाच्या जोडीला लॅपटॉप आला. मात्र आपली दुकाने रस्त्याकडे सताड उघडी असतात. तोंड पश्चिमेला असेल तर असरच्या सुमारास ऊन थेट गल्ल्यापर्यंत येते. पडद्यावरचे आकडे पुसट होतात आणि ३ चा ८ वाचला जातो. तसेच बिल भरले गेले तर गिऱ्हाइकाच्या जीएसटी हिशेबातही चुकीची रक्कम जाते. हिशेब ही अमानत आहे. म्हणून पडद्याची निवड क्षुल्लक समजू नये, असे आम्हाला वाटते.

चकचकीत पडदा आरशासारखे काम करतो. लेप नसलेली साधी काच समोरून येणाऱ्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. हे प्रमाण थोडे वाटते. परंतु पडद्याची उजळता 'निट' या मापात मोजतात आणि स्वस्त लॅपटॉपची उजळता बहुधा २५० निटच्या आसपास असते. भर दुपारच्या उन्हातली पांढरी भिंत २० हजार निटच्याही पुढे उजळते. तिचे ४ टक्के म्हणजे ८०० निट. मग अक्षरांऐवजी भिंतच दिसणार!

मॅट पडद्याचा पृष्ठभाग अतिशय बारीक खरखरीत असतो. तो उजेड एका दिशेने न फेकता पसरवतो, त्यामुळे आपला चेहरा वा समोरचा रस्ता त्यात दिसत नाही. मात्र मॅट म्हणजे जास्त उजळ, हा गैरसमज आहे. थेट ऊन पडले तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि काळा रंग राखाडी दिसतो.

म्हणून आमचा सल्ला असा :

१. उघड्या दुकानात व वर्कशॉपमध्ये मॅट घ्यावा. उजळता किमान ३०० निट, अंगणात काम असेल तर ४०० किंवा अधिक. हा आकडा माहितीपत्रकात पाहावा.

२. लग्नपत्रिका, फोटो, छपाईचे काम बंद खोलीत करणाऱ्यांना चकचकीत पडदा चालेल. त्यात काळा रंग गडद दिसतो.

३. शोरूममध्ये पडदा पाहून भुलू नये. लॅपटॉप दाराशी आणून पाहावा.

४. नवीन घेण्याआधी जागा बदलून पाहावी. पडदा बंद करून त्यात बघावे. जे उजळ दिसेल तेच त्रास देणार. शटरकडे पाठ नको, तोंडही नको. शटर बाजूला येईल असे बसावे.

५. चकचकीत पडदा आधीच असेल तर मॅट फिल्म चिकटवता येते. अक्षरे किंचित दाणेदार दिसतील, एवढेच.

६. लोखंडाचा कीस, लाकडाचा भुसा आधी हलकेच झटकावा, मग मऊ कापडाने पुसावे. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव्य वापरू नये. लेप खराब होतो.

बऱ्याच बांधवांचे काम टेबल फिरवूनच भागेल. तसे झाले तर पैसे वाचतील आणि हिशेबही, इन्शाअल्लाह, चोख राहील.